डेल्बर्टचं डावं कोपर

डेल्बर्टला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमचं वीस पाउंडांचं कणकेचं पोतं त्याच्या डाव्या काखेत होतं आणि तो ते घेऊन पळत होता.

चोर नव्हता. चोर असता तर मी त्याला इतकं निरखून पाहिलंच नसतं, पोलिसांना फोन करण्यात गुंतलो असतो. नागपूरहून हॅलिफॅक्सला येऊन आम्हाला तीनच आठवडे झाले होते. फेब्रुवारी महिना. ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये बर्फाची काच झालेली आणि समुद्रावरून असा वारा सुटलेला, की आमची भरलेली ट्रॉली आम्हाला न विचारता उताराला लागली. मी "अरे, अरे" म्हणत उभा राहिलो, कारण एक पाऊल जरी टाकलं असतं तरी ट्रॉलीच्या आधी मी खाली पोचलो असतो. ट्रॉली खांबावर आपटली, कणकेचं पोतं घसरत निघालं, आणि कुठूनसा एक साठीतला, दाराच्या चौकटीत जेमतेम मावेल एवढा थोरला कृष्णवर्णीय गृहस्थ आला. वाकून त्यानं ते पोतं उचललं, डाव्या कोपरात दाबलं, एक म्हातारी चुकवली, मागे येणारी गाडी चुकवली, दोन रिकाम्या ट्रॉल्यांच्या मधून अंग तिरकं करून निघाला आणि थेट माझ्यासमोर येऊन गरजला, "एक कोपर वर! दुसरं खाली! हं, पसर!"

मी मुकाट्यानं हात पसरले. त्यानं पोतं माझ्या पोटात खुपसलं.

"आता मिठी मार. घट्ट. माझ्याकडे बघू नकोस, पोत्याकडे बघू नकोस. जायचंय तिकडे बघ."

मी कणकेला मिठी मारून आमच्या गाडीकडे बघत राहिलो. तो लंगडत निघून गेला.

"अहो, कोण होता तो?" सुमेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"माहीत नाही."

"मग त्यानं सांगितलं म्हणून लगेच मिठी मारलीत? मी वीस वर्षं सांगतेय तर कधी ऐकलं नाही."

संध्याकाळी घराबाहेरचा बर्फ शोव्हल करायला गेलो तर शेजारच्या दारात हाच गृहस्थ उभा. आमचं घर म्हणजे एका जोडघराचा अर्धा भाग, आणि दुसऱ्या अर्ध्यात डेल्बर्ट आणि त्याची बायको डोरीन. मधली भिंत सामायिक, ड्राइव्हवे सामायिक, आणि पुढच्या चार वर्षांत हसणंही जवळजवळ सामायिक झालं.

डेल्बर्ट एके काळी अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू काखेत मारून पळायच्या खेळाचा, स्टार होता. हे त्यानं मला ओळखीच्या दुसऱ्या मिनिटाला सांगितलं. पहिलं मिनिट माझं नाव नीट उच्चारण्यात गेलं, ते त्याला जमलं नाही, म्हणून त्यानं माझं नाव 'रुकी' ठेवलं. रुकी म्हणजे संघातला नवशिका. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. सुमेधाला मात्र तो पहिल्या दिवसापासून 'कोच' म्हणायचा. घर कोण चालवतं हे त्याला भिंतीपलीकडून ऐकू येत असावं.

तर, डेल्बर्ट म्हणजे त्या खेळातला रनिंग बॅक. हा खेळाडू काय करतो हे डेल्बर्टनं मला आमच्या जेवणाच्या टेबलावर समजावलं. अलाबामातलं त्याचं गुळात घोळलेलं इंग्रजी मला कळायला दोन महिने लागले, पण हे पहिल्याच वेळी कळलं, कारण त्यानं आमच्या सगळ्या वाट्या वापरल्या. वरणाच्या वाट्या म्हणजे आपली माणसं, आमटीच्या वाट्या म्हणजे त्यांची, आणि मधला लिंबू म्हणजे तो स्वतः.

"हा एक जण माझ्या पोटात चेंडू ठेवतो," तो म्हणाला. "त्यानंतर त्याचं काम संपतं. तो उभा राहून बघतो. आणि ही बाकीची सगळी माणसं मला जमिनीत गाडायला येतात. अमेरिकेत अकरा येतात. कॅनडात बारा."

"एक जास्त का?" सुमेधानं विचारलं.

"इथे थंडी आहे ना, कोच. लोकांना कामाला लावावं लागतं."

मग लिंबू निघाला. दोन वाट्यांच्या मधून, एका वाटीला वळसा घालून, लोणच्याच्या बरणीला चकवून पार टेबलाच्या टोकाला. "टचडाऊन!" म्हणून डेल्बर्टनं दोन्ही हात वर केले आणि आमचा दिवा झुलला.

"किती यार्ड?" डोरीननं ताटातून मान वर न करता विचारलं.

"त्रेसष्ट."

"नाताळात पंचावन्न होते."

"तेव्हा टेबल लहान होतं."

डोरीन हॅलिफॅक्सचीच. अनेक पिढ्यांची. हॉस्पिटलात नर्स म्हणून जन्म काढलेली, बारीक चणीची, आणि अख्ख्या पूर्व किनाऱ्यावर डेल्बर्टला जमिनीवर आणू शकणारी एकमेव व्यक्ती. अमेरिकेतल्या मोठ्या संघानं डेल्बर्टला एक मोसम बाकावर बसवून सोडून दिलं, तेव्हा तो एका मोसमापुरता म्हणून कॅनडाच्या प्रेअरीत खेळायला आला आणि अकरा मोसम राहिला. तिथल्या गव्हाच्या सपाट प्रदेशात त्याची पोस्टरं होती, त्याच्या नावाचा सँडविच होता. त्याला लोक 'टपालगाडी' म्हणत. हातात दिलेलं पार्सल पोचवल्याशिवाय थांबायचा नाही म्हणून. आणि हा एवढा मोठा माणूस निवृत्त होऊन बायकोच्या गावी राहायला आला, तर ते गाव निघालं कॅनडातलं असं एक, जिथे त्या खेळाचा धंदेवाईक संघच नाही! इथे त्याला कोणी ओळखत नसे. बँकेत तो स्वतःचं नाव जरा सावकाश सांगायचा, समोरची मुलगी वर बघेल म्हणून थांबायचा, आणि ती म्हणायची, "स्पेलिंग?"

पोटासाठी तो ड्रायव्हिंग शिकवायचा. मी नागपुरात वीस वर्षं गाडी चालवलेली, इथल्या रोड टेस्टमध्ये दोनदा नापास झालो. पहिल्यांदा पुढच्याला हॉर्न दिला म्हणून. दुसऱ्यांदा परीक्षक बाईंनी "हॉर्न वाजवू नका" म्हटल्यावर सवयीनं आणखी एकदा दिला म्हणून. सुमेधानं डेल्बर्टला शरण जायला सांगितलं.

शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक असतो. डेल्बर्टच्या पायाशी तो शोभेला होता, कारण त्याचे गुडघे तेवढे वाकतच नसत. वाकले तर डावा सुपारी फोडल्यासारखा वाजे आणि उजवा जुन्या बिजागरीसारखा कुरकुरे. "माझे विद्यार्थी फार जपून चालवतात," तो अभिमानानं सांगायचा. "त्यांना माहीत असतं, वाचवायला कोणी नाही."

गावात एक गोल चौक आहे, त्याला सगळे रोटरी म्हणतात. त्यात घुसणं म्हणजे आमच्या लोकांची खरी कसोटी. मी तिथे थांबलो की थांबलोच. मागे रांग लागायची. कोणी हॉर्न द्यायचं नाही, सगळे सभ्यपणे म्हातारे होत बसायचे.

"काय बघतोयस, रुकी?"

"गाड्या."

"मग गाड्याच दिसणार. गाड्यांकडे बघितलंस तर गाड्यांवर जाऊन आपटशील. फट बघ. माणसं बघू नकोस, माणसांमधली फट बघ. ती उघडायच्या आधी तिच्याकडे निघ."

"आणि नाही उघडली तर?"

"मग हॉस्पिटलात डोरीन आहे."

मी घुसलो. तिसऱ्या टेस्टला पास झालो. पुढे हॅलिफॅक्समध्ये येणारं प्रत्येक मराठी माणूस, कॉलेजात शिकायला आलेली पोरं असोत नाहीतर आयटीवाले, मी त्याच्याकडेच पाठवलं. चार वर्षांत गावातले निम्मे मराठी चालक रोटरीत असे शिरायला लागले, जणू त्यांच्या मागे बारा जण लागलेत.

डेल्बर्ट काहीही डाव्या कोपरातच धरायचा. कलिंगड, टपाल, छत्री, डोरीनची पर्स, आम्ही दिलेला चिवड्याचा डबा. चेंडू धरतात तसं, एक टोक तळव्यात, दुसरं काखेत, छातीला दाबून. सवय आहे, असं मी धरून चाललो. पण हळूहळू मला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. तो कप हातात घेत नसे. चहा टेबलावर ठेवायचा, खाली वाकून पहिला घोट घ्यायचा, हत्तीसारखा. काचेचा ग्लास कोणी पुढे केला तर "तिथे ठेव" म्हणायचा. आणि लहान मूल कोणी त्याच्याकडे दिलं, तर हा एवढा बोलका माणूस एकदम घाईत असल्यासारखा वॉशरूम शोधायला लागायचा.

"तुमच्या डेल्बर्टरावांना मूत्राशयाचा त्रास आहे का हो?" सुमेधानं एकदा विचारलं. "बाळ दिसलं की लागते."

मग रिजायनाला, म्हणजे तिकडे दूर प्रेअरीत, त्याच्या मुलीला मुलगा झाला. डेल्बर्टनं रस्त्यावर उभं राहून अख्ख्या आळीला सांगितलं. मायलो नाव ठेवलं, सात पाउंड वजन, खांदे माझ्यावर गेलेत, रनिंग बॅक होणार. फोनवरचा फोटो त्यानं टपालवाल्याला दाखवला, बर्फ काढणाऱ्या ट्रकवाल्याला गाडी थांबवून दाखवला. आणि बघायला मात्र डोरीन एकटीच गेली.

"गुडघे," तो म्हणाला. "विमानात गुडघे वाकत नाहीत."

पुढच्या महिन्यात कारण निघालं शिकवणीची गर्दी. त्याच्या पुढच्या महिन्यात कान. डेल्बर्टचे कान उत्तम होते, मी भिंतीपलीकडे पापड भाजला तरी त्याला ऐकू यायचं.

खरं कारण मला डोरीननं सांगितलं. आम्ही दोघं ड्राइव्हवे शोव्हल करत होतो आणि डेल्बर्ट खिडकीत उभा राहून आतून हातवारे करत आम्हाला मार्गदर्शन करत होता.

"तुला त्यानं फायनलची गोष्ट कधी सांगितली?" डोरीननं विचारलं.

"त्यानं सगळ्याच गोष्टी सांगितल्यात."

"ही नाही सांगितलेली."

गोष्ट अशी. वर्षातली शेवटची मॅच, शेवटची दोन मिनिटं. टपालगाडी सुटली होती, समोर कोणी नाही, रेघ दोन पावलांवर. आणि चेंडू हातातून पडला. कोणी धक्का मारला नाही, कोणी ओढला नाही. उजव्या हातातला करंट गेला, बस. मानेवर खाल्लेल्या इतक्या वर्षांच्या धडकांनी तिथली कुठली तरी नस गेली होती, आणि तो हात एकाएकी बधिर व्हायचा, काही सेकंदांपुरता. संघ हरला. सँडविचचं नाव बदललं. त्यानं हाताचं कोणालाच सांगितलं नाही, डॉक्टरला नाही, कोचला नाही. चेंडू डाव्या हातात घेऊन आणखी दोन मोसम काढले.

"अजून होतं?" मी विचारलं.

"कधीमधी. मायलो झाला त्या रात्री मला म्हणाला, डोरीन, चेंडू पडला तर माणसं तीस वर्षं बोलतात. मूल पडलं तर?" तिनं फावड्यातला बर्फ बाजूला टाकला. "टीना, आमची लेक, तिला वाटतं बाबांना यायचंच नाहीये. मागच्या आठवड्यात म्हणाली, त्यांना सांग, आता विचारणार नाही."

खिडकीतून डेल्बर्ट आम्हाला खूण करत होता, की बर्फ गुडघ्यांतून उचला, कमरेतून नाही. गुडघ्यांचा सल्ला, आणि तो देणारा कोण!

आता मला आमच्या वरवंट्याबद्दल सांगायला हवं.

सुमेधानं इथे येताना नागपूरहून पाटा-वरवंटा आणायचा घाट घातला होता. पाटा वजनात बसला नाही, म्हणून नुसता वरवंटा आला. एअरपोर्टवरच्या कस्टम्सवाल्यानं तो हातात घेऊन विचारलं, "हे कशासाठी?" सुमेधा म्हणाली, "चटणी वाटायला आणि मुलांची नावं ठेवायला." त्यानं पुढचं काही विचारलं नाही. पाट्याविना वरवंटा म्हणजे संघाविना खेळाडू. चटणीला तो कधीच उपयोगी पडला नाही, पण बारशाला अख्ख्या गावात तो एकच. आपल्याकडे पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात, कुंची-टोपडं घालून सजवलेला. त्याला पाळण्याखालून आणि वरून देत-घेत फिरवतात, आणि मग खरं बाळ. त्यामुळे हॅलिफॅक्समधल्या एकूण एक मराठी बाळाआधी आमच्या वरवंट्याचं बारसं झालेलं आहे. इतकी नावं मिरवणारा दगड जगात दुसरा नसेल.

केतकी आणि निखिल ही पुण्याची जोडी. केतकी कॉलेज संपवून इथेच नोकरीला लागलेली, आणि डेल्बर्टची लाडकी विद्यार्थिनी. रोटरीत पहिल्याच दिवशी घुसली होती. त्यांना मुलगी झाली. आजी-आजोबांचे व्हिसा आले नव्हते, म्हणून ते पुण्याहून टॅबलेटच्या पडद्यावर. बारसं शनिवारी सकाळी अकराला, आणि नेमकं त्याच दिवशी वादळ. बसगाड्या बंद, खाडीपलीकडची डार्टमथची मंडळी फेरीबोट बंद म्हणून तिकडेच अडकलेली. आले ते चालत येऊ शकणारे, म्हणजे आम्ही चौघं आणि चार-पाच विद्यार्थी.

निखिलनं दाराच्या चौकटीतल्या व्यायामाच्या बारला साडी बांधून झकास पाळणा केला होता. पण पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका हव्यात. केतकी बाळाला घेऊन आत तयार होत होती. एका बाजूला सुमेधा, दुसरीकडे कोण?

"मी उभी राहते," डोरीन म्हणाली. "आयुष्यभर बाळंच तर इकडून तिकडे दिलीत."

सुमेधानं तिला सगळं समजावलं. हा दगड आहे, मी खालून देणार, तू वरून परत द्यायचंस, देवाचं नाव घ्यायचं. डोरीनला ही कल्पना इतकी आवडली की तिचं हसू थांबेना. डेल्बर्टला मात्र कोणी काही सांगितलं नाही. तो तेव्हा स्वयंपाकघरात शिऱ्याच्या पातेल्यापाशी होता. तो बाहेर आला, तर त्याला दिसलं ते असं: जरीची कुंची घातलेलं एक गोंडस गाठोडं, त्याची बायको ते पाळण्यावरून पलीकडे देतेय, आणि कोच ते घ्यायला हात पुढे करतेय.

तेवढ्यात टॅबलेटमधून पुण्याच्या आजी ओरडल्या, "अगं, आधी खालून की आधी वरून? निखिल, तिला विचार!"

सुमेधानं उत्तर द्यायला मान वळवली. डोरीननं हात सोडले. गुळगुळीत दगड, वर रेशीम. गाठोडं सटकलं.

आम्हा मराठी लोकांच्या मनात त्या अर्ध्या सेकंदात एकच विचार आला, तो म्हणजे घरमालकाची लाकडी फरशी. एक विद्यार्थी तर "डिपॉझिट!" असं ओरडलासुद्धा.

डेल्बर्टला फरशी दिसली नाही. त्याला फट दिसली. निखिल आणि सोफ्याच्या मधली. जो माणूस गुडघे वाकत नाहीत म्हणून विमानात बसत नव्हता, तो माझ्या डोळ्यांदेखत जमिनीला समांतर झाला. सुपारी फुटली, बिजागरी करकरली, शिऱ्याची ताटली उडाली, घुगऱ्यांचं पातेलं घुगऱ्यांसकट उलटलं. तो खांद्यावर लोळत टेबलाखाली गेला, खुर्च्या कोसळल्या. मग नुसते हरभरे घरंगळत होते.

टेबलाखालून त्याचा आवाज आला. एवढासा.

"बाळ? बाळ ठीक आहे?"

 आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून बाळानं भोकाड पसरलं.

डेल्बर्टनं आतल्या दाराकडे पाहिलं. मग काखेतल्या कुंचीकडे. एका बोटानं टोपडं वर केलं. आत हळद-कुंकू लावलेला आमचा वरवंटा.

"रुकी," तो म्हणाला. "हे काय आहे?"

"वरवंटा."

"याचं काय करतात?"

"चटणी."

त्यानं टोपडं पुन्हा नीट बसवलं. "तुम्ही लोक चटणीच्या दगडाला टोपी घालता?"

"रोज नाही," मी म्हणालो.

सुमेधा त्याच्याजवळ खाली बसली. "आधी याला फिरवायचं, मग बाळाला. बाळ असं टणक व्हावं म्हणून."

"आणि पडला तर, कोच?"

आता हे शास्त्रात आहे की नाही मला ठाऊक नाही, सुमेधानं ते तिथल्या तिथे रचलं असं माझं मत आहे. पण ती म्हणाली, "म्हणूनच तर आधी हा. पडायचं असेल ते यानं पडावं."

डेल्बर्टनं वरवंट्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "आमच्या खेळात असं काही नव्हतं. आमच्यात पहिलाच खरा असायचा."

डोरीन टेबलाखाली वाकली होती. तिनं नर्सच्या कोरड्या आवाजात विचारलं, "कुठल्या हातात धरलायस तो?"

डेल्बर्टनं खाली पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्याचं डावं कोपर खुर्चीखाली अडकलं होतं. वरवंटा उजव्यात होता, छातीला दाबून, एक टोक तळव्यात, दुसरं काखेत.

"हं," डोरीन म्हणाली. एवढंच.

त्याला उठवायला चौघं लागलो आणि तरी तो उठेना, गुडघ्यांनी संप केला होता. केतकी बाळाला घेऊन बाहेर आली, हरभरे तुडवत, आणि सरळ त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"डेल्बर्टअंकल, आता खरी. हात करा."

त्यानं सवयीनं वॉशरूमच्या दाराकडे पाहिलं.

"आता कुठे पळताय? उठता तरी येतंय का? आणि तुम्ही जमिनीवरच आहात, अंकल. जमिनीवरून कोणी कुठे पडत नाही."

 डेल्बर्टनं एक कोपर वर केलं, दुसरं खाली. केतकीनं बाळ ठेवलं. त्यानं मिठी मारली. पुण्याच्या आजी पडद्यातून विचारत होत्या, "अरे, पाळण्यात कधी घालणार? मुहूर्त टळतोय!" पण पुढची दहा मिनिटं ते पोर त्याच्याकडेच होतं, आणि तिचं नाव 'सई' आहे हे सर्वांत आधी कानात सांगायचा मान, आत्या अडकून पडली होती डार्टमथला म्हणून, टपालगाडीला मिळाला.

सोमवारी सकाळी दार वाजलं. डेल्बर्ट कुबडी घेऊन उभा.

"कोच, तो दगड मिळेल? दोन आठवडे. प्रॅक्टिसला."

त्यानंतरचे दोन आठवडे हॅलिफॅक्स विसरलेलं नसेल. डेल्बर्ट वरवंटा घेऊन झोपे, वरवंटा घेऊन टीव्ही बघे, वरवंटा उजव्या कोपरात घेऊन, दुपट्यात गुंडाळून, फेरीबोटीतून डार्टमथला जाऊन परत येई. बोटीत एका आजीबाईंनी कौतुकानं आत डोकावलं. कॅनेडियन माणूस किती सभ्य असतो बघा, दगड दिसल्यावरसुद्धा बाई म्हणाल्या, "तुमच्यावर गेलाय." हात दोनदा बधिर झाला, हेही त्यानं मला सांगितलं. दोन्ही वेळा त्याला ते आधी कळलं, आणि तो खाली बसला. "इतकी वर्षं हे सुचलंच नाही, रुकी. करंट जातोय असं वाटलं की खाली बसायचं. मैदानात बसता येत नाही. घरात येतं."

रिजायनाला गेला तो परत आलाच नाही. टीनानं त्याला सोडलं नाही, की त्यानं मायलोला, ते मला माहीत नाही. उन्हाळ्यात डोरीन एकटी आली आणि घर विकून गेली. जाताना तिनं एक फोटो दाखवला. त्यात डेल्बर्ट जमिनीवर बसलेला आहे, आणि त्याच्या कोपरात एक गुबगुबीत गृहस्थ स्वतःची मूठ खातोय.

पण मला आठवतो तो एअरपोर्टवरचा डेल्बर्ट. मीच सोडायला गेलो होतो, रोटरीत एकदाही न थांबता. त्यानं वरवंटा हातातल्या बॅगेत घेतला होता, प्रवासात सराव तुटू नये म्हणून. सिक्युरिटीच्या पोरीनं यंत्रात बघितलं, बॅग उघडली, दुपटं सोडलं, टोपडं काढलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "सर, हे काय आहे?"

"माझा सरावाचा नातू," डेल्बर्ट म्हणाला.

त्याला मागे पाठवलं. तो वरवंटा घेऊन काचेच्या दारापर्यंत परत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा गरजला, "एक कोपर वर! दुसरं खाली!"

मी हात पसरले. त्यानं दगड माझ्या पोटात खुपसला. मी मिठी मारली. त्याच्याकडे बघायचं नसतं, दगडाकडे बघायचं नसतं, हे मला पाठ होतं, पण त्या दिवशी मी नियम मोडला आणि त्याच्याकडेच बघत राहिलो.

तो गर्दीत शिरला. गुडघे कुरकुरत असणार. एक सुटकेस चुकवली, एक झोपलेलं कुटुंब चुकवलं, दोन माणसांमधल्या फटीतून खांदा तिरका करून निघाला. हात रिकामे होते. पण उजवं कोपर दुमडलेलं होतं, छातीला लावून, घट्ट, आत कोणीतरी असल्यासारखं.